रोजच्या कामासाठी कोणती भाषा, कोणता एडिटर? तीन महिने नुसता निवडतोय!

गोंधळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, सांभाळून घ्या.

मी प्रोग्रामर नाही. माझं काम माहितीचं. दर आठवड्याला वेगवेगळ्या विभागांतून तीस-चाळीस सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेला साधा मजकूर) आणि एक्सेलच्या फायली येतात, त्या एकत्र करायच्या, निस्तरायच्या, त्यातून एक अहवाल काढायचा. शिवाय स्कॅन केलेल्या कागदांचे फोल्डर आहेत, त्यातल्या हजारो फायलींची नावं बदलायची. सहकाऱ्यांना त्यात शोधता येईल अशी काहीतरी सोय करून द्यायची, हेही डोक्यात आहे. आत्तापर्यंत सगळं एक्सेलची सूत्रं आणि आधीच्या माणसाने लिहून ठेवलेला एक मॅक्रो (एक्सेलच्या आतला छोटा प्रोग्राम) यांच्या जिवावर चाललंय. तो मॅक्रो मला कळत नाही. त्यात एका ओळीत ८२०३ असा आकडा आहे, तो का आहे देव जाणे. एकदा ती ओळ काढून पाहिली तर बेरजा चुकल्या, मुकाट्याने परत घातली. तो माणूस आता नाही. (म्हणजे नोकरी सोडून गेला. गैरसमज नको.)

तीन महिन्यांपूर्वी ठरवलं, आता नीट शिकायचं. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा सुरू केली. आठवडाभरात एकाने सांगितलं गो शीक, वेगवान आहे. दुसरा म्हणाला रस्टशिवाय भविष्य नाही. कोड लिहायचे एडिटर पाच उतरवून झाले. त्यातल्या एकाचे रंग आणि फॉन्ट जमवण्यात दोन संध्याकाळी गेल्या. हाती काय आलं? काळ्या पडद्यावर अतिशय देखणी दिसणारी रिकामी फाइल.

तर, पुढची दहा वर्षं टिकेल अशी एक भाषा कोणती? एडिटर कोणता? आणि पंचेचाळिशीत विम हा सगळं कळफलकावरून चालवायचा एडिटर शिकण्यात अर्थ आहे का? कृपया युद्ध नको.

अर्धविराम

भाषा पायथन, एडिटर व्हीएस कोड. धागा बंद करा.

कंसातली

"युद्ध नको" म्हणून एडिटरचा धागा काढलात. भाबडे आहात हो.

जुनं खोड

धागाकर्ते, तुम्ही गुंता चुकीच्या टोकाने सोडवायला घेतलाय. भाषेचं नाव विचारण्याआधी तीन गोष्टी सांगा. हे प्रोग्राम चालणार कुठे, तुमच्याच मशीनवर की सहकाऱ्यांच्याही? त्या मशीनवर काही इन्स्टॉल करायची मुभा आहे का? आणि तुम्ही रजेवर असताना ते बंद पडलं तर हात कोण लावणार?

विचारतोय कारण मी स्वतः तोंडावर आपटलोय. पूर्वी एका कचेरीत पर्लमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली होती. लॅरी वॉलने १९८७ मध्ये ती भाषा आणली तीच मुळात मजकूर चाळून अहवाल काढायला, म्हणजे काम आणि भाषा यांची गाठ अगदी बरोबर पडली होती. रेगेक्स (मजकुरातले नमुने शोधायची सूत्रं) अशा की वाचणाऱ्याला घेरी यावी, आणि मला त्याचाच अभिमान. दोन वर्षांनी येणाऱ्या फायलीत एक रकाना वाढला आणि स्क्रिप्ट बसली. उघडून पाहिली तर मलाच वाचता येईना! शेवटी एका सहकारी बाईंनी तेच काम एक्सेलमध्ये तीन दिवसांत उभं केलं. मंद होतं, पण कुणीही उघडून बघावं असं. पर्लचा काही दोष नव्हता. हे कधी दुसरं कुणी वाचेल हे मी धरलंच नव्हतं.

त्या मॅक्रोला नावं ठेवू नका. दिसायला ओबडधोबड असेल, पण एक्सेल जिथे आहे तिथे तो आहे, वेगळं काही मागून घ्यावं लागत नाही. आत्ता तुमच्याकडे असलेलं एकमेव चालतं घोडं तेच आहे.

गोंधळी

जुनं खोड, उत्तरं देतो. प्रोग्राम मुख्यतः माझ्या मशीनवर चालतील, फक्त नावं बदलण्याचं काम आणखी तिघे करतात. माझ्या मशीनवर पायथन अर्ज करून मिळालंय. त्या तिघांच्या मशीनवर काहीही घालता येत नाही. मी रजेवर असताना हात लावणारं कुणी नाही. म्हणूनच रजा मिळत नाही.

अर्धविराम

पहिल्या प्रतिसादात फटकळ होतो, आता नीट लिहितो. पायथन म्हणतोय ते फॅशन म्हणून नाही. तुमची कामं फायली, तक्ते आणि मजकूर यांची आहेत. सीएसव्ही वाचणं, फोल्डर धुंडाळणं, तारखा, झिप, एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस, हे सगळं त्याच्यासोबतच येतं, वेगळं काही उतरवावं लागत नाही. एक्सेलची फाइल थेट वाचायला ओपनपायएक्सेल, मोठे तक्ते जोडायला पांडास, या वेगळ्या उतरवायच्या लायब्ऱ्या (तयार कोडचे संच). दुसरं म्हणजे मोकळ्या जागेने ओळी आत सरकवण्याची सक्ती. लोक तिला नावं ठेवतात, पण जुन्या खोडांनी सांगितलं तसं पर्ल त्यात जमत नाही. सहा महिन्यांनी उघडलं तरी कुठे काय चाललंय ते दिसतं.

टिकण्याबद्दल म्हणाल तर पहिली आवृत्ती १९९१ ची. मधे एकदा मोठा हिसका बसला. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आलं, ते २ शी जुळेना, आणि २ ला निरोप द्यायला १ जानेवारी २०२० उजाडला. म्हणजे अकरा वर्षं लोक दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभे. आता ते निस्तरलंय. इंटरनेटवर कुठे प्रिंटपुढे कंस नसलेलं उदाहरण दिसलं तर ते जुनं समजून पुढे जा.

एक पथ्य. फायलींची नावं बदलणारा प्रोग्राम पहिल्यांदा चालवताना फक्त "हे नाव, ते नाव" अशी यादी छापू द्या. यादी डोळ्यांखालून घालून मगच खरं बदलणारी ओळ उघडा.

टर्मिनलवासी

विमचा प्रश्न माझ्यासाठीच होता असं समजतो.

आधी थोडं पुराण. बिल जॉय यांनी विमचा पूर्वज व्हीआय लिहिला १९७६ च्या सुमारास, बर्कलीत. घरून काम करताना ३०० बॉडचा मोडेम, म्हणजे सेकंदाला साधारण तीस अक्षरं. पडदा पूर्ण रंगायला वेळ लागायचा, म्हणून आज्ञा शक्य तितक्या त्रोटक. एक कळ दाबली की अक्षर गेलं, दोन दाबल्या की ओळ गेली. कर्सर हलवायला एच, जे, के, एल या कळा का, हे खूप जण विचारतात. ते वापरत होते त्या एडीएम-३ए टर्मिनलवर (दूरच्या संगणकाला जोडलेला पडदा-कळफलक) बाण याच कळांवर छापलेले होते. एस्केपची कळही आज टॅब असते तिथे, करंगळीखाली होती. आज ती पार कोपऱ्यात गेली आणि शिव्या विमला बसतात! ब्रॅम मोलेनार यांनी १९९१ मध्ये विम लोकांपुढे ठेवला आणि २०२३ मध्ये जाईपर्यंत तेच त्याचा गाडा ओढत होते.

तर अर्थ आहे का? मी दिवसभर दूरच्या सर्व्हरवर असतो. तिथे दुसरं काही नसलं तरी व्हीआय असतोच, मला पर्यायच नाही. तुम्ही स्वतःच्या मशीनवर बसून तक्ते जोडताय. तुमचा वेळ अक्षरं टंकण्यात जात असेल असं वाटत नाही. विम तुमची बोटं वेगवान करेल, पण अडकताय तुम्ही बोटांपाशी नाही.

तरी एवढं शिकून ठेवा: आय दाबून लिहिणं सुरू, एस्केप दाबून थांबणं, आणि कोलन क्यू उद्गारचिन्ह दाबून काहीही न साठवता बाहेर. चेष्टा नाही. "विममधून बाहेर कसं पडायचं" हा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरचा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता.

कंसातली

विमचा जुना प्रतिस्पर्धी एडिटर ईमॅक्स, त्याच्या भक्तांच्या वतीने हजेरी लावते. १९७६ पासून आहोत, आम्हीही कुठे गेलेलो नाही. माझी टिपणं, कामांची यादी, पत्रव्यवहार सगळं त्यातच चालतं. त्यातला टिपणांचा विस्तार ऑर्ग-मोड ज्यांनी २००३ मध्ये सुरू केला ते कार्स्टन डॉमिनिक खगोलशास्त्रज्ञ, स्वतःची टिपणं आवरायला लिहायला बसले आणि जगाचं भलं झालं.

पण धागाकर्ते, प्रामाणिक सल्ला: तुम्ही येऊ नका. ज्या माणसाच्या दोन संध्याकाळी फॉन्टमध्ये जातात त्याचं ईमॅक्समध्ये वर्ष जाईल. माझी मांडणीची फाइल पंधराशे ओळींची आहे आणि तिच्यातली अर्धी मी कशासाठी लिहिली ते आठवत नाही.

रात्रपाळी

अर्धविराम यांच्याशी बहुतेक सहमत, पण त्या तिघांचं काय? ज्यांच्या मशीनवर पायथन नाही त्यांना पायथनची स्क्रिप्ट देऊन उपयोग नाही. मग "माझ्याकडे चालतंय की" हे पालुपद सुरू होतं. आवृत्ती वेगळी, लायब्ररी नाही, वातावरण नाही.

इथे गो कामाला येते. ती प्रोग्रामची एकच फाइल बनवते, लागणारं सगळं तिच्या पोटात. मी लिनक्सवर बसून दोन पर्यावरण-चलं (सिस्टिमच्या सेटिंगच्या किमती) बदलली की विंडोजची ईएक्सई तयार होते. द्या, चालवा. (परवानगी तेवढी विचारून घ्या, काही ठिकाणी अनोळखी ईएक्सई अडवतात.) मांडणीवरून भांडणंही नाहीत, गोएफएमटी नावाचं अवजार सगळ्यांचा कोड एकाच वळणाचा करून टाकतं. आणि २०१२ मध्ये १.० आली तेव्हा वचन दिलंय की तेव्हाचा कोड पुढच्या १.x आवृत्त्यांवर चालत राहील. बऱ्यापैकी पाळलंय.

बॅश या लिनक्सच्या आज्ञा-भाषेबद्दलही कुणीतरी सांगेल, म्हणून मीच आधी सावध करतो. बॅशमध्ये एखादी आज्ञा फसली तरी स्क्रिप्ट बिनदिक्कत पुढची ओळ चालवते. "या फोल्डरमध्ये जा" ही ओळ फसली आणि पुढची ओळ "इथलं सगळं पुसून टाक" अशी असेल तर काय होतं ते मी एका रात्री अडीच वाजता पाहिलंय. बॅकअप होता म्हणून आज इथे लिहितोय. फाइलच्या नावात मोकळी जागा असेल आणि चलाभोवती अवतरणचिन्हं विसरलात तर "जुने कागद" या एका फाइलच्या "जुने" आणि "कागद" अशा दोन होतात. माझा नियम: बॅश स्क्रिप्ट एका पडद्यात मावेनाशी झाली की दुसऱ्या भाषेत हलवायची.

शून्याधारित

आणि रस्ट? सगळे एवढं डोक्यावर घेऊन का नाचतात?

रात्रपाळी

नाचण्यासारखी आहेच. वापरून झालेली मेमरी गोळा करणारी यंत्रणा न ठेवता, कोणत्या मेमरीचा मालक कोण हे कोडचा प्रोग्राम बनवणारा कंपायलरच आधी तपासतो. सी आणि सी++ मधल्या चुकांचा एक मोठा वर्ग त्यामुळे जन्मालाच येत नाही. लिनक्सच्या गाभ्यातही २०२२ च्या अखेरीपासून तिला दार उघडलंय. पण चाळीस सीएसव्ही जोडायला ती घेणं म्हणजे मुंगी मारायला तोफ. न लिहिता तुम्ही ती वापरताय म्हणा. व्हीएस कोडमध्ये सगळ्या फायलींत शोध घेता ना, त्यामागे रिपग्रेप असतो, आणि तो रस्टमध्ये लिहिलेला आहे.

मात्रावेलांटी

सगळ्यांनी भाषा सांगितल्या, पण धागाकर्त्यांच्या फायलींत मजकूर कोणत्या भाषेतला आहे हे कुणी विचारलंच नाही! देवनागरी असेल तर खरी गंमत पुढे आहे.

१. "नमस्ते" हा शब्द घ्या. डोळ्याला अक्षरं तीन: न, म, स्ते. पायथनला लांबी विचारा, ६ सांगेल, कारण हलन्त आणि मात्रा वेगवेगळ्या मोजल्या जातात. यूटीएफ-८ (फाइलमध्ये अक्षरं साठवायची प्रचलित पद्धत) मध्ये बाइट मोजा, १८ भरतात. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर. पण "पहिली दहा अक्षरं घे" असं सांगून नावं कापलीत तर कुणाची तरी वेलांटी उडणार.

२. हा दगाबाज आहे. "दुसऱ्या" आणि "दुसर्‍या" हे दोन शब्द बघा. सारखेच दिसतात ना? पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक (न दिसणारी खूण). पहिल्याची लांबी ७, दुसऱ्याची ८. कोणत्या कळफलकाने टंकलं त्यावर कोणतं रूप येणार ते ठरतं. पायथनला विचारा, हे दोन वेगळे शब्द आहेत. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरणसुद्धा यांना एक करत नाही. जोडणीआधी आपणच एका रूपाचं दुसरं करून घ्यायचं.

३. क्रम. नुसतं सॉर्ट केलं तर संगणक युनिकोडच्या आकड्यांप्रमाणे लावतो. मग ळ येतो ल नंतर, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. आणि ॲ ने सुरू होणारे शब्द थेट ह च्याही पलीकडे, यादीच्या तळाला. हे नीट करायला आयसीयू ही लायब्ररी आहे, तिला मराठीचा क्रम ठाऊक आहे.

४. विंडोजवर पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) स्वतः लिहा, नाहीतर तो सिस्टिमचं जुनं कोडपान धरतो. एक्सेलमध्ये उघडायची सीएसव्ही लिहिताना यूटीएफ-८-सिग घ्या. फाइलच्या सुरुवातीला एक खूण बसते, ती नसली की एक्सेल बऱ्याचदा देवनागरीचा बोऱ्या वाजवतं.

आणि टर्मिनलवासी, माफ करा, पण बहुतेक टर्मिनलांत जोडाक्षरं फुटतात. एका चौकटीत एक अक्षर हा त्यांचा हिशोब आपल्या लिपीला बसत नाही. विममध्ये कर्सर एकीकडे आणि अक्षर भलतीकडे. देवनागरी रोज बघायची असेल तर व्हीएस कोड ब्राउझरच्याच इंजिनावर चालतो, तिथे नीट दिसतं. ईमॅक्सही २७ व्या आवृत्तीपासून हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी वापरतो, तोही चालेल.

टर्मिनलवासी

मान्य. मराठी पत्रं मीही विममध्ये लिहीत नाही.

गोंधळी

मात्रावेलांटी, तुम्ही माझ्या फायली पाहिल्यात का? दोन विभागांच्या याद्या जोडताना दर वेळी काही नावं जुळत नाहीत, ती मी हाताने जुळवतो. मागच्या वेळी त्रेचाळीस होती. इतके दिवस मला वाटत होतं, समोरचे लोक चुकीचं टंकतात.

भोचक

एवढा खल कशाला? आता एआयला सांगा, लिहून देतो. भाषा कोणती याने काय फरक पडतो?

जुनं खोड

लिहून देतो, खरं आहे, मीही घेतो. पण तो अहवाल वर जाणार धागाकर्त्यांच्या सहीने. लिहून आलेलं वाचता येईल अशी भाषा हवी, एवढा फरक पडतो. मॅक्रोही दुसऱ्या कुणीतरीच लिहून दिलेला होता.

पाटीपेन्सिल

उशिरा आले. एक नाव अजून कुणी घेतलं नाही: एसक्यूएल, डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा. धागाकर्त्यांची पहिली पोस्ट परत वाचा. याद्या जोडा, गाळा, बेरजा काढा, शोधा. हे चारही एसक्यूएलचे घरचे शब्द आहेत. १९७४ मध्ये आयबीएममध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी मांडलेली भाषा, तेव्हापासून किती भाषा आल्या आणि गेल्या, ही जागची हलली नाही. दहा वर्षं टिकेल अशी भाषा मागितलीत ना, ही पन्नास टिकलीय.

सर्व्हर वगैरे लागत नाही. एसक्यूलाइट म्हणजे अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये, आणि ते पायथनसोबतच येतं. ही फाइल निदान २०५० पर्यंत वाचता येईल असं त्यांनी जाहीर केलंय. चाळीस सीएसव्ही त्यात ओता, मग "या यादीत आहे पण त्या यादीत नाही अशी नावं दाखव" हे एका वाक्यात विचारता येतं. एक्सेलमध्ये हेच करायला व्हीलुकअप या सूत्राच्या किती माळा ओवता ते तुम्हालाच माहीत.

आणखी एक. ओळखक्रमांक नेहमी मजकूर म्हणून ठेवा. ००१२३ चा १२३ होऊ देऊ नका. लांब क्रमांक कधी जावास्क्रिप्ट या भाषेतून गेले तर ९००७१९९२५४७४०९९३ चं शेवटचं ३ मुकाट्याने २ होतं, कारण तिथला साधा आकडा त्याच्यापुढे नेमकेपणा सांभाळत नाही. एक्सेलची तर तऱ्हाच वेगळी. काही मानवी जनुकांच्या नावांच्या ते परस्पर तारखा करायचं, शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली!

कंसातली

एक्सेल बदलण्यापेक्षा जनुकं बदलणं सोपं गेलं. दंडवत.

अर्धविराम

पाटीपेन्सिल यांना +१. मी हे सुचवायला हवं होतं.

एडिटरबद्दल एक राहिलं. "दहा वर्षं टिकेल असा" हा निकष एडिटरला लावू नका. ॲटम नावाचा एडिटर २०१४ मध्ये आला, गाजला, १५ डिसेंबर २०२२ ला बंद झाला. त्याच्यासाठी बनवलेला इलेक्ट्रॉन नावाचा सांगाडा मात्र राहिला, व्हीएस कोड त्याच्यावरच उभा आहे. एक २०१६ पासून सोपं झालंय. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल आला आणि शब्द सुचवणं, व्याख्येवर उडी मारणं, चूक अधोरेखित करणं हे काम एडिटरच्या बाहेर गेलं. पायथनचा तोच सर्व्हर व्हीएस कोडला चालतो, निओविमला (विमचा नवा अवतार), ईमॅक्सलाही. आधी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा वेगळी शिकवावी लागायची. त्यामुळे उद्या एडिटर बदललात तर कळफलकाच्या सवयी जातील, बाकी फारसं काही नाही.

मायक्रोसॉफ्टची बांधणी नको असेल तर त्याच मुक्त कोडवरून बनवलेला व्हीएसकोडियम आहे. फक्त विस्तारांचं दुकान वेगळं, एखादा विस्तार तिथे सापडत नाही.

जुनं खोड

गोंधळी, एक गृहपाठ देऊ का? दहा दिवस काहीही नवं उतरवू नका. कामाला बसलात की कागदावर लिहा, वेळ कशात गेला. मग इथे या.

गोंधळी

बारा दिवसांनी येतोय. कागद ठेवला होता.

टंकण्यात जवळजवळ काही वेळ जात नाही. (टर्मिनलवासी, बरोबर होतात.) सगळ्यात जास्त वेळ गेला "हे का जुळत नाही" शोधण्यात. त्याखालोखाल कोणती फाइल नवी, कोणती जुनी हे बघण्यात. वेग कमी पडला असं एकदाही झालं नाही. गो, रस्ट यांच्या वेगाचं मी काय करणार होतो कुणास ठाऊक.

आता जे ठरलंय ते असं. याद्या एसक्यूलाइटमध्ये, ओतणं आणि साफ करणं पायथनमध्ये, पांडास तूर्त नाही. तिघांसाठी नावं बदलायचं काम एक्सेलच्या मॅक्रोमध्येच, कारण ते त्यांच्याकडे चालतं. रात्रपाळी, तुमची गो पुढच्या वर्षी. एडिटर व्हीएस कोड, रंग तो आला तसाच.

ऱ चं रूप एकसारखं करून घेतल्यावर न जुळणारी नावं त्रेचाळीसवरून सहावर आली. मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो! पण सहा काही हलेनात. पायथनच्या स्ट्रिपने पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा काढल्या, तरी नाही. लांबी मोजली तर प्रत्येक नावात एक जास्त. सीएसव्ही व्हीएस कोडमध्ये उघडली, तर त्या सहा नावांच्या शेवटी, जिथे काहीच नाही तिथे, एक बारीक पिवळी चौकट.

मात्रावेलांटी

शून्य रुंदीची मोकळी जागा! वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात येते. स्ट्रिप तिला मोकळी जागा धरतच नाही, म्हणून ती सुटते. तिचा युनिकोड क्रमांक दशमानात लिहिला तर... थांबा.

जुनं खोड

८२०३.

मात्रावेलांटी

अरेरे. तुम्ही पहिल्याच दिवशी आकडा दिला होता आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

गोंधळी

हो, तोच. म्हणजे आधीच्या माणसाला हे सापडलं होतं, त्याने एका ओळीत निस्तरलंही होतं. मॅक्रो उघडला आणि त्या ओळीच्या शेजारी टिप्पणी लिहिली: "वेबवरून चिकटवलेली अदृश्य जागा, काढू नये." तीच ओळ पायथनमध्येही घातली. सहाही जुळली.

पुढच्या आठवड्यात दोन दिवस रजेचा अर्ज टाकलाय.